दूतावासाचं सोशल मीडिया खातं कसं चालवावं : धोरणापासून संकटकाळातल्या सूचनेपर्यंत

कुठल्याही दूतावासाच्या खात्यावर गेलात तर बहुधा एकच दृश्य दिसतं. राजदूत कोणाशी तरी हस्तांदोलन करताहेत, मागे दोन झेंडे, खाली 'फलदायी चर्चा झाली' अशी ओळ. ही पोस्ट ज्या वाचकासाठी टाकलेली असते तो मायदेशी मंत्रालयात बसलेला असतो. यजमान देशातला विद्यार्थी, पत्रकार, आयातदार किंवा व्हिसाच्या रांगेतला माणूस तिच्यापाशी क्षणभरही थांबत नाही. पब्लिक डिप्लोमसी म्हणजे परक्या देशातल्या लोकांशी थेट संबंध ठेवणं. तिथे अशा पोस्टचा उपयोग शून्य.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या हाती हे खातं नुकतंच आलं आहे : प्रेस ऑफिसर, नवे द्वितीय सचिव, किंवा दूतावासातले स्थानिक कर्मचारी, जे प्रत्यक्षात बहुतेक मजकूर लिहितात.

आधी एक पान लिहा

पहिली पोस्ट टाकण्याआधी एका पानाचं धोरण लागतं. दहा पानी केलंत तर कोणी वाचत नाही. या पानावर तीन गोष्टी हव्यात : आपण कोणाशी बोलतोय, त्यांनी त्यातून काय करावं अशी अपेक्षा आहे, आणि आपण कशावर बोलणार नाही.

'सर्वसामान्य जनता' हा वाचकगट नव्हे. पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जाऊ पाहणारे विद्यार्थी, अर्थविषयक पत्रकार, त्या देशात राहणारे आपले नागरिक, आपल्या देशाशी व्यापार करणारे लहान उद्योजक : असे नेमके गट लिहा, आणि चारापेक्षा जास्त घेऊ नका. उद्दिष्टही तसंच नेमकं हवं. 'देशाची प्रतिमा उंचावणे' हे कधीच पूर्ण होत नाही आणि अपयशीही ठरत नाही, म्हणून ते निरुपयोगी. 'शिष्यवृत्तीचे अर्ज राजधानीबाहेरच्या विद्यापीठांतूनही यावेत' हे वर्षअखेरीस तपासता येतं.

तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक ठिकाणी लिहिलेला नसतो. यजमान देशातल्या निवडणुका, न्यायालयात चालू असलेले खटले, पक्षांतर्गत भांडणं, तिसऱ्या देशाशी असलेला सीमावाद, वादग्रस्त भूभागांची नावं : यांतल्या कशावरही दूतावास स्वतःच्या शब्दांत काही लिहिणार नाही, मुख्यालयाने, म्हणजे मायदेशातल्या परराष्ट्र मंत्रालयाने, दिलेला मजकूरच शब्दशः वापरला जाईल, असं स्पष्ट नोंदवून त्यावर राजदूतांची सही घ्या.

कलम ४१ भिंतीवर लावून ठेवा

१९६१ च्या व्हिएन्ना राजनैतिक संबंध कराराचं कलम ३ दूतावासाची कामं सांगतं. दोन देशांत मैत्री वाढवणं आणि आर्थिक, सांस्कृतिक, वैज्ञानिक संबंध विकसित करणं हे त्यात आहे, म्हणजे खातं चालवण्याला आधार आहे. मर्यादा कलम ४१ मध्ये आहे : यजमान देशाचे कायदे पाळा, त्याच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करू नका, आणि अधिकृत कामकाज त्याच्या परराष्ट्र मंत्रालयाशी किंवा त्याच्यामार्फत करा.

हे कलम सोशल मीडियावर कसं जिवंत होतं ते तुर्कस्तानात दिसलं. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी अंकारामधल्या दहा दूतावासांनी तुरुंगात असलेले तुर्की उद्योजक आणि सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला यांच्या सुटकेची मागणी करणारं संयुक्त निवेदन प्रसिद्ध केलं. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी दहाही राजदूतांना अवांछित व्यक्ती ठरवण्याची भाषा केली. २५ ऑक्टोबरला अमेरिकी दूतावासाने ट्विटरवर (आताचं एक्स) एकच वाक्य टाकलं : आम्ही व्हिएन्ना कराराच्या कलम ४१ चं पालन करतो. इतर दूतावासांनी तीच भूमिका घेतली आणि हकालपट्टी टळली. ना माफी, ना माघार. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने वाचता येईल असं ते एक वाक्य होतं. असं वाक्य खातं चालवणाऱ्याने लिहायचं नसतं; ते मुख्यालयात, विधी विभागासमोर बसून तयार होतं. आपलं काम ते जसंच्या तसं आणि वेळेवर टाकण्याचं.

उलट बाजूचं उदाहरण २०१८ चं. कॅनडाच्या परराष्ट्र खात्याने सौदी अरेबियात महिला हक्क कार्यकर्त्यांना झालेल्या अटकेवर टीका केली, आणि रियाधमधल्या कॅनडाच्या दूतावासाच्या खात्यावर तीच टीका अरबीत आली. सौदीने कॅनडाच्या राजदूतांना देश सोडायला सांगितलं, आपले राजदूत परत बोलावले, नवा व्यापार आणि गुंतवणूक गोठवली. पूर्ण राजनैतिक संबंध मे २०२३ मध्ये पूर्ववत झाले. कॅनडाने बोलायला हवं होतं की नव्हतं हा वेगळा वाद. खातं चालवणाऱ्यासाठी मुद्दा असा की स्थानिक भाषेत, दूतावासाच्या नावाने टाकलेली ओळ ही त्या देशातल्या जनतेला उद्देशून केलेलं विधान ठरते. असा अनुवाद टाकण्याचा निर्णय कारकुनी पातळीवर होता कामा नये. मूळ मजकुराइतकीच त्याला वेगळी मंजुरी घ्या.

शंका असेल तेव्हा स्वतःला विचारा : उद्या यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाने राजदूतांना बोलावून ही पोस्ट समोर ठेवली, तर ते ती शांतपणे मोठ्याने वाचून दाखवू शकतील का? उत्तर अडखळलं तर पोस्ट मसुद्यातच राहू द्या.

माध्यमं मोजकी, पण देशाप्रमाणे

मायदेशात जे चालतं ते यजमान देशात चालेलच असं नाही. चीनमध्ये फेसबुक, एक्स आणि यूट्यूब बंद आहेत. तिथे दूतावास वेईबो आणि वीचॅट वापरतात. पण त्या मंचांवर मजकूर आपल्या हातात नसतो. जून २०२० मध्ये सीमेवरच्या संघर्षानंतर बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाच्या वीचॅट खात्यावरची पंतप्रधानांची विधानं काढून टाकली गेली. म्हणून तिथे टाकलेला प्रत्येक अधिकृत मजकूर दूतावासाच्या संकेतस्थळावरही त्याच वेळी असायलाच हवा. रशियात मार्च २०२२ पासून फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ट्विटरवर बंदी आली. जपान आणि थायलंडमध्ये लाईन, दक्षिण कोरियात काकाओटॉक लोकांच्या रोजच्या वापरात आहेत.

ढोबळ वाटणी अशी : पत्रकार, अधिकारी आणि अभ्यासक एक्सवर, आपले स्थायिक नागरिक आणि व्हिसाविषयी विचारणारे फेसबुकवर, विशी-पंचविशीतली मंडळी इन्स्टाग्राम आणि लघुव्हिडिओंवर, व्यापाराशी संबंधित लोक लिंक्डइनवर, तातडीच्या सूचनांसाठी व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्राम चॅनेल. दोन माणसांच्या विभागाने यातली दोनच धरावीत. मेलेलं खातं नसलेल्या खात्यापेक्षा वाईट असतं, कारण संकटात लोक आधी तिथेच शोधतात आणि त्यांना आठ महिन्यांपूर्वीच्या सांस्कृतिक संध्येचा फोटो मिळतो.

लेखनाचा एक तांत्रिक तपशील : एक्सवर साध्या खात्याला २८० अक्षरांची मर्यादा आहे, पण चिनी, जपानी आणि कोरियन लिपीत प्रत्येक अक्षर दोन मोजलं जातं, म्हणजे हाताशी १४० च उरतात. लिंक कितीही लांब असो, ती २३ अक्षरं खाते. मुख्यालयाकडून आलेला २७० अक्षरांचा इंग्रजी मजकूर जपानी किंवा कोरियनमध्ये बसणार नाही हे आधीच ओळखा. ऐन वेळी कात्री लावताना नेमकं महत्त्वाचं उपवाक्य गळतं.

खातं कार्यालयाचं, माणसाचं नव्हे

राजदूतांचं स्वतंत्र खातं असेल तर हॅंडल पदाच्या नावाने ठेवा. व्यक्तीच्या नावाचं खातं तीन-चार वर्षांनी त्यांच्यासोबत पुढच्या देशात जातं आणि जमवलेले वाचक घेऊन जातं.

खातं उघडताना कार्यालयाचा सामायिक ईमेल वापरा. किमान दोन अॅडमिन ठेवा आणि तिसरा प्रवेश मुख्यालयाच्या डिजिटल विभागाकडे द्या. ओळखपडताळणी दोन टप्प्यांची हवी, तीही एसएमएसवर नको : बदलीवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या जुन्या नंबरवर ओटीपी जात राहतो आणि नेमक्या गरजेच्या रात्री खातं उघडत नाही. ऑथेंटिकेटर अॅप किंवा सुरक्षा-की घ्या, बॅकअप कोड छापून दूतावासाच्या तिजोरीत ठेवा. सरकारी खात्यांसाठी एक्सवर करडी खूण मिळते, तिच्यासाठी अर्ज करा. संकेतस्थळावर सगळ्या अधिकृत खात्यांची यादी ठेवा, म्हणजे बनावट कोणतं हे लोकांना ताडून पाहता येईल.

आणि वेगळा फोन. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं एकाच फोनवर असेल तर चूक होणार हे ठरलेलं, फक्त कधी हाच प्रश्न. ऑक्टोबर २०१९ मध्ये अंकारामधल्या अमेरिकी दूतावासाच्या खात्याने एर्दोआन यांच्या मित्रपक्षाचे नेते देवलेत बाहचेली यांच्यानंतरच्या राजकारणाविषयीच्या एका ट्विटला लाईक केलं. लाईकच, बाकी काही नाही. दूतावासाला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि तुर्कस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयाने प्रभारी राजदूतांना बोलावून घेतलं. जून २०२४ पासून एक्सवरचे लाईक इतरांना दिसत नाहीत, पण इतर मंचांवर दिसतात. त्यामुळे नियम सोपा ठेवा : दूतावासाचं खातं लाईक करत नाही. आणि कोणाला फॉलो करतो याची यादी दर तीन महिन्यांनी तपासा; यजमान देशातल्या एकाच पक्षाचे नेते तिथे दिसले तर कोणी ना कोणी त्याचा स्क्रीनशॉट काढणारच.

कर्मचाऱ्यांच्या खासगी खात्यांबाबत 'मतं वैयक्तिक' ही ओळ कोणालाच वाचवत नाही. मे २०२० मध्ये माल्टाच्या फिनलंडमधल्या राजदूतांना अंगेला मेर्केल यांची हिटलरशी तुलना करणाऱ्या फेसबुक पोस्टमुळे राजीनामा द्यावा लागला. रुजू होतानाच प्रत्येकाला ही गोष्ट समोर बसवून सांगा. परिपत्रक पाठवून भागत नाही.

मंजुरी : तीन रंग पुरतात

मंजुरीची साखळी लांबली की खातं मरतं आणि ती नसली की खातं पेटतं. व्यवहारात तीन रंग चालतात.

हिरवा : कार्यक्रम, शिष्यवृत्ती, व्हिसा खिडकीच्या वेळा, सण-उत्सव. प्रेस ऑफिसर स्वतः टाकतात, फक्त दुसऱ्या एका व्यक्तीने नजर फिरवलेली हवी. पिवळा : उच्चस्तरीय भेटी, व्यापाराचे आकडे, करार. उपप्रमुखांची मंजुरी, त्याच दिवशी. लाल : मानवी हक्क, संघर्ष, मृत्यू, यजमान सरकारवरचं कुठलंही भाष्य. मुख्यालयाची लेखी मंजुरी, आणि ती आली नाही तर पोस्ट जात नाही. फोनवरचं 'हो, टाका' लेखी समजू नका. संभाषणानंतर लगेच दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवा.

लाल रंगाचा अर्थ ११ सप्टेंबर २०१२ ला कैरोत स्पष्ट झाला. इस्लामविरोधी चित्रफितीवरून वातावरण तापलेलं असताना तिथल्या अमेरिकी दूतावासाने धार्मिक भावना दुखावण्याच्या प्रयत्नांचा निषेध करणारं निवेदन काढलं, आणि दूतावासावर जमाव चालून आल्यानंतरही ट्विटरवरून त्याचं समर्थन केलं. हे निवेदन वॉशिंग्टनने मंजूर केलेलं नव्हतं असं अमेरिकी प्रशासनाला सांगावं लागलं. काही ट्विट पुसले गेले. दूतावासाचा हेतू वातावरण शांत करण्याचा होता. पण अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा प्रचार चालू होता आणि तेच निवेदन तिथे प्रचाराचा विषय झालं. यजमान देशासाठी लिहिलेली ओळ मायदेशातही वाचली जाते, याचा हिशेब मुख्यालयाला असतो, दूतावासाला सहसा नसतो.

पोस्ट लिहिताना

एक नमुना घेऊ. दूतावासाकडे विद्यापीठभेटीची बातमी आहे. सवयीने लिहिलेला मसुदा असा :

'महामहिम राजदूतांनी आज विद्यापीठाच्या कुलगुरूंची सदिच्छा भेट घेतली. उभय देशांतील शैक्षणिक सहकार्य वृद्धिंगत करण्याबाबत फलदायी चर्चा झाली.'

यात वाचणाऱ्याने करण्यासारखं काही नाही. त्याच भेटीतून निघालेली दुसरी पोस्ट :

'आमच्या देशात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय? शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झालेत. शेवटची तारीख १५ जानेवारी, संध्याकाळी ५ पर्यंत, तुमच्या शहरातल्या वेळेनुसार. गुणपत्रिका आणि दोन शिफारसपत्रं लागतील. शंका इथेच लिहा; गुरुवारी ३ ते ४ शिक्षण अधिकारी उत्तरं देतील.'

सोबत हस्तांदोलनाऐवजी मागच्या वर्षी शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थिनीचा प्रयोगशाळेतला फोटो, तिच्या लेखी संमतीने. भेटीची नोंद मुख्यालयाला हवीच असेल तर ती संकेतस्थळावर द्या. आणि गुरुवारी ३ वाजता शिक्षण अधिकारी खरोखर हजर असतील याची खात्री केल्याशिवाय ती शेवटची ओळ टाकू नका. पाळलं न गेलेलं असं एक लहान वचन पुढच्या दहा पोस्टचा विश्वास घालवतं.

भाषेची रीत उलटी करा. बहुतेक दूतावास इंग्रजीत किंवा स्वतःच्या भाषेत लिहून मग अनुवाद करतात; वाचकाला तो अनुवाद पहिल्या शब्दापासून कळतो. हिरव्या रंगाच्या पोस्ट स्थानिक सहकाऱ्याने थेट स्थानिक भाषेत लिहाव्यात आणि मुत्सद्दी अधिकाऱ्याने नंतर त्या उलगडून ऐकाव्यात. यंत्राने केलेला अनुवाद तीन ठिकाणी हमखास घसरतो : आदरार्थी रूपं, पदनामं आणि नकारार्थी वाक्यं. पदनामं यजमान मंत्रालयाच्या राजशिष्टाचार यादीवरून ताडा.

दोन भाषांत दोन सूर ठेवायचा मोह टाळा. कैरोतल्या त्याच आठवड्यात मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तमधल्या इस्लामी राजकीय संघटनेच्या इंग्रजी खात्याने अमेरिकी कर्मचारी सुखरूप असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं, अरबी खातं मात्र निदर्शनांचं कौतुक करत होतं. अमेरिकी दूतावासाने आभार मानून विचारलं : तुमचे अरबी ट्विट पाहिलेत का? तेही आम्ही वाचतो. दूतावासाच्या स्वतःच्या दोन भाषांतल्या पोस्टही असंच कोणीतरी शेजारी-शेजारी ठेवून वाचत असतं.

चित्रांची तपासणी वेगळ्या माणसाने करावी, कारण लिहिणाऱ्याचं लक्ष शब्दांवर असतं. झेंडा आधी पाहा. फिलिपिन्सच्या झेंड्यात लाल पट्टा वर आला तर त्याचा अर्थ युद्धस्थिती होतो. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी फेसबुकनेच तो तसा उलटा दाखवला होता. मग नकाशा : तयार टेम्पलेटमधल्या नकाशावरच्या सीमा आपल्या सरकारला मान्य आहेत का? मागच्या पडद्यावर उघडी फाईल, टेबलावरची कागदपत्रं, गळ्यातलं ओळखपत्र, सुरक्षा व्यवस्थेची जागा हे सगळं फोटोत आपोआप येतं. संघर्षग्रस्त देशात स्थानिक कर्मचाऱ्यांचे चेहरे दाखवू नका; राजदूत उद्या परत जातील, त्यांना तिथेच राहायचं असतं.

उभ्या व्हिडिओचं माप ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेल. खालच्या पट्ट्यात अॅपची बटणं येतात, म्हणून मजकूर तिथे ठेवू नका. आवाज बंद ठेवून पाहणारे खूप असतात, तेव्हा सबटायटल हवेतच. प्रत्येक चित्राला पर्यायी वर्णन द्या. एक्स त्यासाठी १,००० अक्षरं देतं आणि दृष्टिहीन वाचकांना तोच आधार असतो.

उपयुक्ततेपुढे कौशल्य फिकं पडतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण बीजिंगचं. तिथल्या अमेरिकी दूतावासाने २००८ मध्ये हवेतले सूक्ष्म कण मोजणारं यंत्र बसवलं आणि तासातासाचे आकडे आपोआप ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. ना घोषवाक्य, ना फोटो. ट्विटर चीनमध्ये बंद असूनही ते आकडे इतर मार्गांनी शहरात पोचत राहिले, कारण लोकांना ते हवे होते. जून २०१२ मध्ये चीनच्या पर्यावरण खात्याने हे व्हिएन्ना कराराला धरून नाही म्हणत ते थांबवण्याची मागणी केली. तरी त्याच वर्षी चीनने पीएम २.५, म्हणजे हेच सूक्ष्म कण, आपल्या मानकांत घेतले आणि जानेवारी २०१३ पासून ७४ शहरांचे आकडे जाहीर होऊ लागले. या खात्याची एकच फजिती झाली, तीही भाष्याच्या मोहाने : नोव्हेंबर २०१० मध्ये हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ५०० च्या वर गेला तेव्हा यंत्रणेत आधीच भरून ठेवलेले 'भयंकर वाईट' या अर्थाचे अनौपचारिक शब्द जगासमोर आले आणि नंतर बदलावे लागले. आपोआप जाणाऱ्या पोस्टमधली, सहसा न वापरली जाणारी वाक्यंही एकदा वाचून घ्या. (मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने जगभरातल्या दूतावासांचे हे आकडे देणं बंद केलं.)

संकटात : सूचनेची शरीररचना

वर्षभर चालवलेल्या खात्याची खरी परीक्षा दोन-तीन दिवसांत होते. २ मार्च २०२२ ला युक्रेनमधल्या भारतीय दूतावासाने खार्किवमधल्या नागरिकांसाठी ट्विटरवर सूचना टाकली. तिचा ढाचा अभ्यासण्यासारखा आहे. शहर ताबडतोब सोडा. पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का या वस्त्यांकडे जा. कोणत्याही परिस्थितीत आज युक्रेनच्या वेळेनुसार संध्याकाळी ६ पर्यंत पोचा. वाहन मिळत नसलेल्यांनी चालत निघावं, आणि पुढे अंतरं : अनुक्रमे ११, १२ आणि १६ किलोमीटर. चालणाऱ्याला कुठली वस्ती आवाक्यात आहे हे ठरवायला तो एक आकडा लागतो. 'सुरक्षित स्थळी जा' एवढंच लिहिलं असतं तर प्रत्येकाने फोन केला असता आणि फोन लागले नसते.

यातून तयार होणारा साचा दूतावासाने शांततेच्या काळात भरून ठेवावा : कोणासाठी, कुठे असलेल्यांसाठी, काय करायचं, कधीपर्यंत आणि कोणत्या वेळेनुसार, कसं, ते जमलं नाही तर काय, संपर्क, आणि पुढची माहिती किती वाजता येईल. भूकंप, दंगल, हवाई सेवा बंद, साथ, नागरिकांचा अपघात : प्रत्येकाचा साचा मुख्यालयाकडून आगाऊ मंजूर करून घ्या, म्हणजे त्या रात्री फक्त रिकाम्या जागा भरायच्या राहतील.

पहिली पोस्ट अर्ध्या तासात गेली पाहिजे, जरी तिच्यात 'आम्हाला घटनेची माहिती आहे, स्थानिक यंत्रणांच्या संपर्कात आहोत, पुढची सूचना ८ वाजता' एवढंच असलं तरी. आणि मग ८ वाजता, नवं काही नसेल तरी, तसं सांगणारी पोस्ट टाका.

प्रत्येक सूचनेला क्रमांक, तारीख आणि वेळ द्या, तीही चित्राच्या आत. पोस्टची चित्रं व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि दोन दिवसांपूर्वीची 'सीमेवर या' ही सूचना आजची समजून लोक बंद झालेल्या नाक्यावर पोचतात. पण नुसतं चित्रही नको. शब्द पोस्टमध्येही लिहा, नाहीतर शोधात सापडत नाहीत. जुनी सूचना पुसू नका. 'रद्द, सूचना क्रमांक ४ पाहा' असं तिच्याखाली लिहा आणि नवी पिन करा.

सगळं जाहीर करायचं नसतं. ताफ्याची वेळ, बस उभी राहण्याची नेमकी जागा, प्रवाशांची यादी हे नोंदणी केलेल्या नागरिकांना थेट कळवा. मृतांचे आकडे आणि नावं स्थानिक यंत्रणेच्या दुजोऱ्याशिवाय आणि कुटुंबाला कळवण्याआधी कधीच नाही. लोक घाबरून कमेंटमध्ये पासपोर्ट क्रमांक आणि फोन लिहितात. ते लगेच लपवा आणि अर्जाची लिंक द्या. भार फार वाढला तर मदतीसाठी वेगळं हॅंडल काढा, जसं युक्रेनमधून भारतीयांना परत आणण्याच्या ऑपरेशन गंगा या मोहिमेसाठी काढलं गेलं. मुख्य खातं सूचनांसाठी मोकळं राहतं. आठ-आठ तासांच्या पाळ्या लावा. सोळा तास जागा असलेला माणूस चुकीच्या शहराचं नाव टाइप करतो.

आणि संकट सुरू होताच पहिलं काम : शेड्युल केलेल्या सगळ्या पोस्ट थांबवा. यजमान देश शोकात असताना खाद्यमहोत्सवाचं हसरं आमंत्रण आपोआप गेलं, तर ते आपोआप गेलं हे कोणी ऐकून घेत नाही.

कमेंट, टोमणे आणि दुसरे दूतावास

प्रश्नांना कामाच्या दिवशी २४ तासांत उत्तर द्या, हे प्रोफाईलवर लिहून ठेवा. शिवीगाळ, धमकी, खासगी माहिती आणि फसवणुकीच्या लिंक काढल्या जातील असा नियम जाहीर करा आणि त्याबाहेरचं काही काढू नका. टीका पुसलीत की तिचा स्क्रीनशॉट मूळ टीकेपेक्षा दहापट फिरतो. काढण्याआधी नोंद म्हणून स्वतःही स्क्रीनशॉट ठेवा.

खासगी नागरिकाशी जाहीर वाद कधीच घालू नका. दुसऱ्या सरकारच्या खात्याला उत्तर द्यायची वेळ कधीतरी येते. मार्च २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रशियन दूतावासाने आपण नाझीवादाशी लढतोय असं लिहिलं, तेव्हा तिथल्या जर्मन दूतावासाने निष्पाप मुलांची, बायका-पुरुषांची कत्तल म्हणजे नाझीवादाशी लढाई नव्हे असं सुनावलं आणि कंसात जोडलं की, दुर्दैवाने, नाझीवादातले आम्ही जाणकार आहोत. हे उत्तर टिकलं, कारण त्यात स्वतःच्या इतिहासाची कबुली होती; जर्मनीशिवाय कोणालाही ते वाक्य शोभलं नसतं. एकदाच बोलले. प्रत्युत्तरांच्या माळेत अडकलेला दूतावास मायदेशी टाळ्या मिळवतो आणि यजमान देशातला वाचक गमावतो. जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या चिनी दूतावासाचं चीनमधल्या उइगुर मुस्लिम महिलांविषयीचं ट्विट तर ट्विटरने नियमभंग म्हणून काढलं आणि खातंच गोठवलं.

अफवेचं खंडन करताना अफवेचं चित्र पुन्हा टाकू नका, त्यावर 'खोटं' असा शिक्का मारूनही नाही. आधी खरी माहिती, मग एका ओळीत काय चुकीचं आहे ते. शंभर जणांनी पाहिलेली अफवा तशीच विझू द्या, आपल्या उत्तराने ती लाखांपर्यंत जाते. व्हिसाच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट खात्यांना मात्र सूट नाही : दर आठवड्याला दूतावासाच्या नावाची वेगवेगळी स्पेलिंग शोधा, मंचाकडे तोतयेगिरीची तक्रार करा, आणि 'आम्ही मेसेजवरून शुल्क मागत नाही' ही पोस्ट पिन करून ठेवा.

मोजायचं काय

फॉलोअरची संख्या अहवालात देखणी दिसते, सांगत काहीच नाही. आधी पाहा त्यातले किती जण यजमान देशातले आहेत. बहुतेक मायदेशातले निघाले तर आपण चुकीच्या दिशेला तोंड करून बोलतोय. मग पोस्टवरून अर्जाच्या लिंकवर किती गेले, किती जणांनी पोस्ट जपून ठेवली किंवा पुढे पाठवली, स्थानिक पत्रकारांनी कशाचा संदर्भ दिला, व्हिसाची माहितीपर पोस्ट टाकल्यावर त्याच प्रश्नाचे फोन कमी झाले का. महिन्याला एक पान पुरे. पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलायची असेल तर परदेशी सरकारच्या जाहिरातींविषयी यजमान देशाचा कायदा आणि मंचाचे नियम आधी पाहा. निवडणुकीच्या काळात तर ढकलूच नका.

बदलीच्या दिवशी

खातं हातातून हातात जाताना सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि त्यासाठी कोणी वेळ राखून ठेवत नाही. जाणारा आणि येणारा अधिकारी एकत्र बसतील असा किमान एक पूर्ण दिवस काढा. अॅडमिन यादी उघडून जुनी नावं त्याच दिवशी काढा, आणि पासवर्ड बदलून बॅकअप कोड नवे छापा. सोबत एक चिठ्ठी द्या : कोणत्या विषयावर शेवटची लाल मंजुरी कधी आणि कोणत्या शब्दांत मिळाली, कोणते पत्रकार संदेशाला उत्तर देतात, कोणत्या नागरिकांच्या तक्रारी अर्धवट आहेत. जाणाऱ्या राजदूतांच्या पोस्ट पुसू नका, संग्रहित करा. त्या सरकारी दस्तऐवज आहेत. आणि शेड्युल केलेली रांग पूर्ण रिकामी करूनच खातं सोपवा, म्हणजे नव्या राजदूतांनी अधिकारपत्रं सादर केल्यानंतर जुन्यांच्या सहीची शुभेच्छा बाहेर पडणार नाही.